गोष्टीत आप्पांची अडचण होत होती

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी हा विषय टाळते—जसं काही त्याला माझ्याकडूनच कळायचं आहे. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून काढली, आणि मला वाटायचं की हे माझ्याबरोबरच सरणावर जाईल. गेलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या पौषापासून ते आत राहायला तयार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

आधी मी काय काम करते ते सांगते. (बघा, लगेच दुसरीकडे वळले.) मी प्रकल्प प्रस्ताव लिहिते. लहान लहान सामाजिक संस्थांना निधी हवा असतो, मोठ्या शहरातल्या ट्रस्टांकडे तो असतो, आणि मधे कागदांचा एक गठ्ठा लागतो. तो गठ्ठा मी तयार करते. समस्या काय, उद्दिष्टं काय, काम कसं करणार, खर्च किती, आणि निधी संपल्यावर काम कसं टिकणार—या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, तरी ते सगळ्यात छान भाषेत लिहायचं असतं. नांदेड-लातूरकडच्या संस्थांत माझं बरं नाव आहे. नव्या मुलामुलींची शिबिरंही घेते. फळ्यावर पहिलं वाक्य लिहिते—कुणी उद्या येऊन पाहिलं तर खोटं ठरेल असं काहीही प्रस्तावात लिहू नका. मुलं मान खाली घालून उतरवून घेतात. मी हातावरचा खडू झटकते आणि पुढचा मुद्दा घेते.

आता माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आप्पांची पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. पट्टा फिरत असतो, जातं घरघरत असतं, त्यावरून ओरडून "कुणाची ज्वारी ही?" असं विचारत आयुष्य गेलेलं. घरी आले तरी आवाज तोच. जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या काकू हसून त्यांच्या घरातून विचारायच्या, "आणू का मीठ?" आई वैतागायची. "हळू बोला की, म्या काय औशात हाय का?" आप्पा हसायचे, तेव्हा भुवयांवरचं पीठ ताटात पडायचं. डाव्या भुवईत एक व्रण होता, पट्टा तुटून लागलेला. तिथे केस उगवत नव्हते, पीठही बसत नव्हतं.

त्या आवाजासाठी आज माझा जीव किती तुटतो, ते कसं सांगू? कुठल्याही गावात गिरणीवरून जाताना माझी पावलं आपोआप हळू होतात. पिठाच्या वासात उभी राहते, कुणी बघितलं की दळणाची चौकशी केल्यासारखं करते आणि निघते.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला होते. कॉलेजला शिकत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आप्पा त्या रात्री गिरणीतच झोपले होते. गणपती विसर्जनाची मिरवणूक उशिरा संपली, आता घरी जाऊन हिची झोप कशाला मोडा, असा त्यांनी विचार केला. गिरणीवर पत्रे होते. घर दगड-मातीचं होतं. आई घरात होती. एवढंच सांगते. यापेक्षा पुष्कळ जास्त मी त्या प्रस्तावात लिहिलं होतं, म्हणून इथे लिहीत नाही.

काही आठवडे मी पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांजवळ राहिले. त्यांनी आईसाठी मिशी काढली होती, डोकं भादरलं होतं, आणि फेट्याच्या जागी पांढरी टोपी आली होती. आप्पा ओळखू येत नव्हते. मग त्यांनीच मला नांदेडला परत पाठवलं. "शीक जा. हितं बसून काय करतीस?" परत आल्यावर मी कुणाशी फारसं बोलले नाही. आणि मी बोलत नाही म्हणून लोकांनी त्यांच्या मनानं धरून चाललं—हिचं कुणीच राहिलेलं नाही.

मी ते दुरुस्त केलं नाही. इथपर्यंत तुम्हीही मला माफ कराल. वीस-एकवीस वर्षांची पोर, आई गेलेली, कुणाकुणाला काय सांगत बसणार? पण थांबा—माफ करायची घाई करू नका. मला ते आवडायला लागलं होतं. मी खोलीत आले की मुलींचे आवाज खाली यायचे. नळावर मला आधी जागा मिळायची. एका प्राध्यापक बाईंनी दिवाळीला साडी दिली आणि पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला चटक लागली. याला दुसरा चांगला शब्द असेल तर मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षाला असताना मी नांदेडच्या एका छोट्या संस्थेत संध्याकाळी काम करू लागले. संस्था म्हणजे सर, एक कपाट, आणि जिन्याखालची एक खोली. सर भला माणूस. आता ते नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती—भूकंपात आई-वडील गेलेल्या मुलींसाठी लातूरला वसतिगृह काढायचं. त्या काळात लातूरला क्लासेसचं वारं सुटलं होतं. बोर्डात इकडच्या पोरांचे नंबर यायला लागले होते, डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर लातूरला जा, असं पार विदर्भापर्यंत लोक बोलायचे. सरांचं म्हणणं, सगळ्या महाराष्ट्राची पोरं लातुरात येऊन शिकतात, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या आपल्या पोरी शेडमध्ये बसून राहतात. तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज करायचं ठरवलं, आणि प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला इंग्रजी जमायचं. एवढीच पात्रता.

उद्दिष्टं मी लिहिली. खर्चाचा अंदाज सरांनी दिला, तो लिहिला. पण ट्रस्टला सुरुवातीला एक खरी गोष्ट हवी होती—एका मुलीची. सर खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले, "अशी लिही की वाचणाऱ्याच्या हातातला चहा गार झाला पाहिजे."

अशा मुली कमी होत्या का? शेडाशेडात होत्या. मग मी औशाला जाऊन एखादीजवळ का बसले नाही? याचं उत्तर सोपं आहे. मला भीती वाटत होती. त्या मुलीला विचारावं लागलं असतं, आणि तिनं सांगितलेलं ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा माझ्या आईचं लिहिणं सोपं होतं. तिच्या हातावरचं गोंदण मला ठाऊक होतं, भाकरी थापायचा आवाज ठाऊक होता. मी लिहायला लागले आणि पेन थांबेना.

मग मी ते वाचून पाहिलं. आई गेली—इथपर्यंत चांगलं होतं. पण पुढे आप्पा होते. जिवंत, टोपी घातलेले, नव्या गिरणीसाठी मोटार मिळते का म्हणून लातूरच्या दुकानांतून हिंडणारे. वाचणाऱ्याचा चहा गार होत आला की मधेच आप्पा मोठ्या आवाजात बोलायला लागायचे. गोष्टीत आप्पांची अडचण होत होती.

मी ते वाक्य खोडलं. 'आई' च्या जागी 'आई-वडील दोघंही' लिहिलं.

बस. हेच ते.

इतकं वळसे घालून सांगितलं आणि निघालं काय—तर खोडलेलं एक वाक्य. त्या क्षणी हात थरथरला असं सांगायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. उलट बरं वाटलं. आता गोष्ट बसली, असं वाटलं.

सरांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "कोण ही मुलगी?" मी सांगू शकले असते की अशीच, कल्पनेतली. मी म्हटलं, "मी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्यावर असताना मी काय सांगणार होते? आणि तो काढल्यावर का नाही सांगितलं?—हे विचारायचं तुम्हाला सुचलं असेल. मलाही सुचतं. नेहमी.

निधी मंजूर झाला. लातूरला क्लासेसच्या गल्लीमागे एक दुमजली घर भाड्यानं घेतलं, मला तिथे रेक्टर म्हणून नेमलं. उद्घाटनाआधी सर म्हणाले, "हॉलमध्ये तुझ्या आई-वडिलांचा फोटो लावू. मुलींना धीर येईल." फोटो माझ्याकडे होता—औशाच्या स्टुडिओत काढलेला, दोघं खुर्च्यांवर ताठ बसलेले, आप्पांना फेटा आणि भरघोस मिशी. मी नांदेडला शिकायला निघाले तेव्हा आईनं तो माझ्या पेटीत घातला होता, म्हणूनच तो वाचला. आईचा दुसरा फोटो जगात नाही.

मी तो मोठा करायला नांदेडलाच एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे दिला. चाचांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "दोनोंका बनाऊं क्या बेटी, के अम्माका अकेला?"

ऐकलंत ना? मला विचारलं होतं. कुणी आपण होऊन दार उघडून द्यावं तसं विचारलं होतं. आईचा एकटीचा म्हटलं असतं तर सरांना काहीतरी थाप मारता आली असती, पण निदान त्या भिंतीवर आप्पा गेले नसते. मी म्हटलं, "दोघांचा."

तो फोटो चंदनाच्या हारासकट हॉलमध्ये लागला. खाली समई. उद्घाटनाला मुंबईहून ट्रस्टच्या ताई आल्या, त्यांनी ती लावली. आप्पांच्या फोटोला मी सगळ्यांसमोर नमस्कार केला आणि रडले. खरंखुरं रडले—आईसाठी रडत होते, असं मी मनाशी म्हणत होते.

दर महिन्याला मी बसनं गावी जायची. आप्पांची गिरणी नव्या गावात परत सुरू झाली होती. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते आणि लांब लांब घरं, गिरणीचा आवाज कुणाच्या घरापर्यंत पोचायचा नाही. आप्पा म्हणायचे, "एकदा बघतो की तुझं लातूर." मी म्हणायची, तुम्ही गिरणी सोडून कशाला येता, मी येतेच की. ते मान हलवायचे. पोरगी काळजी करते, असं त्यांना वाटायचं.

वसतिगृहात सविता नावाची मुलगी होती. तिचं खरंच कुणी नव्हतं. आई-वडील, धाकटा भाऊ, सगळे एका भिंतीखाली. आणि घरातला एकही फोटो निघाला नाही. बाकी मुली हॉलमधून जाताना समईवर पाय पडणार नाही एवढंच बघायच्या. सविता रोज पहाटे पाठांतराला बसायच्या आधी त्या फोटोपुढे उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "ताई, माझ्याकडं फोटू न्हाई. म्या ह्यास्नीच नमस्कार केला तर चालंल का?"

मी म्हटलं, चालेल.

येळवस आली. तुम्ही लातूरकडचे नसाल तर सांगायला हवं. वेळ अमावस्येला आमच्याकडे घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, पांडवांची पूजा करायची, सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, बाजरीची भाकरी, आणि मडक्यातलं ताकाचं आंबट आंबील. त्या दिवशी लातूरचे रस्ते रिकामे असतात, क्लासेससुद्धा बंद. मुंबईच्या ताईंना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी पाहणीसाठी नेमका तोच दिवस कळवला. सरांनी हो म्हटलं. मी मुलींना थांबवून घेतलं आणि आप्पांना निरोप धाडला—या वर्षी जमत नाही.

आमच्या गावची माणसं काय करतील तुम्हाला सांगते. पोरगी शेतात येऊ शकत नाही ना—मग शेत उचलून तिच्याकडे न्यायचं.

ताई हॉलमध्ये बसल्या होत्या. मुली रांगेनं बसून आपापलं नाव आणि व्हायचं काय ते सांगत होत्या. डॉक्टर, डॉक्टर, इंजिनिअर, डॉक्टर. आणि दारात आप्पा. खांद्यावर आंबिलाचं मडकं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, हातात भज्जीचा डबा. सगळ्या पोरींना पुरेल एवढं आणलं होतं. हसत होते. तोंड उघडून हाक मारणार—त्यांची ती हाक, पट्ट्यावरून जाणारी—एवढ्यात त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली.

माणूस स्वतःच्या फोटोला हार घातलेला बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय येतं? मी सांगू शकत नाही, कारण मी खाली बघितलं.

"कोण हो हे?" ताईंनी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या गावाकडचे आहेत."

आप्पांनी मडकं हळूच खाली ठेवलं. चपला काढल्या, आत आले, आणि फोटोपुढे उभे राहून हात जोडले. डोळे मिटून. मुंबईच्या ताई भारावल्या. मराठीच होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही ओळखत होतात का हिच्या आई-वडिलांना?"

"हाव," आप्पा म्हणाले. "लई चांगली बाई हुती."

"आणि वडील?"

आप्पांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "त्यो बी बरा हुता. गिरणी हुती त्याची."

हे ते हळू आवाजात बोलले. माझ्या वडिलांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलींनी आंबील प्यायलं. ताईंनीही घोटभर घेऊन छान आहे म्हटलं आणि भांडं बाजूला ठेवलं. सविता मात्र काही पीत नव्हती. ती आप्पांच्या भुवईकडे बघत होती. मिशी गेली, फेटा गेला, माणूस निम्मा झाला, तरी तो व्रण होता ना तिथेच. रोज पहाटे जो चेहरा ती बघत होती, तो तिच्यासमोर भांडी आवरत होता. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या पोरीचं वय काय, आणि ती नजर काय. तिला राग नव्हता आला. तिला कळतच नव्हतं—जिचं एक माणूस उरलंय, ती ते असं कसं टाकू शकते?

रिकामं मडकं घेऊन तीच आप्पांबरोबर फाटकापर्यंत गेली. मी मागून गेले. ताईंची गाडी यायची होती म्हणून मी फाटकाच्या आतच थांबले. आप्पांनी मला जवळ बोलावलं नाही, रागावले नाहीत. म्हणाले, "काळजी करू नकु. जित्या माणसाच्या मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतंय म्हन्त्यात." सविताकडे बघून हसलेसुद्धा. मग म्हणाले, "तुझ्या आईचा फोटू लई चांगला निघाला. तिच्या एकटीचा एक मिळंल का मला? मोठा नको. ल्हान चालतोय."

मी हो म्हटलं. आणि करून दिला नाही. का नाही दिला? काही अवघड होतं का? चाचा तेच होते, दुकान तेच. पण तिथे जाऊन "अम्माका अकेला" हे शब्द मला उच्चारावे लागले असते. आज जाईन, उद्या जाईन. मी गेलेच नाही.

आप्पा परत कधी लातूरला आले नाहीत. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी गावी गेले की नेहमीसारखं ओरडून बोलायचे, पण मला बघून आधी आवाज एक क्षण अडायचा—कुणी आजूबाजूला आहे का, हे बघत असत. माझ्यासाठी. स्वतःच्या गावात, स्वतःच्या गिरणीत.

पुढच्या सुट्टीत सविता म्हणाली, "गावाकडं जाते." मी विचारलं नाही, कुणाकडे. पुढच्या खेपेला मी गावी गेले तर ती गिरणीत बसलेली, केसात पीठ, आणि आप्पा तिच्यावर खेकसत होते, "आगं पट्ट्यापास्नं लांब बस की!" अगदी तसंच, जसं माझ्यावर खेकसायचे. ती त्यांना आप्पा म्हणत होती. मला तिचा हेवा वाटला. आणि त्याच्याच पाठोपाठ, जवळजवळ त्याच क्षणी, काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं. आता त्यांना कुणीतरी आहे. आता मी थोडं कमी आले तरी चालेल.

मी कमी गेले. आधी महिन्याचे दोन महिने झाले, मग सणासुदीला, मग तेही नाही.

माझं लग्न नांदेडला रजिस्टर पद्धतीनं झालं. नवरा प्राध्यापक, चांगल्या घरचा. त्यानं एका कार्यक्रमात सरांच्या तोंडून माझी गोष्ट ऐकली होती, आणि त्या गोष्टीतल्या मुलीवरच त्याचा जीव जडला. त्या मुलीचे वडील जिवंत करून मी त्याच्यासमोर कशी उभी राहणार होते? लग्न झाल्यावर मी एकटी गावी जाऊन आप्पांना सांगितलं. "जावई कसा हाय?" त्यांनी विचारलं. चांगले आहेत म्हटलं. "दिसायला?" चांगले आहेत. "बरं," म्हणाले, आणि कुणाचं तरी दळण घातलं. माझी मुलगी त्यांनी पाहिली नाही. तिला आप्पा नावाचं कुणी होतं, हेही तिला ठाऊक नाही. तिच्या दृष्टीनं आजोबा म्हणजे भूकंप.

काही वर्षांनी ट्रस्टनं हात काढून घेतला. निधी संपल्यावर काम कसं टिकणार, त्याचं मी लिहिलेलं उत्तर कामाला आलं नाही. वसतिगृह बंद झालं. सविता तोवर डॉक्टर झाली होती. सामान आवरायच्या दिवशी ती आली, स्टुलावर चढून तो फोटो उतरवला, हार काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे म्या आप्पांना देते. त्यांना आईचा फोटू पाहिजे हुता." मला हाराचं काय करावं कळेना. शेवटी तो पिशवीत घातला.

तेव्हा सगळं संपलं होतं, हे लक्षात घ्या. प्रस्ताव नाही, ट्रस्ट नाही, भिंतीवर फोटो नाही. सर वारले होते. कुणाचं शिक्षण थांबणार नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो चिडला असता, महिनाभर बोलला नसता, आणि मग मला घेऊन गावी गेला असता—तो तसा आहे. आप्पांनी जावयाला चहा पाजला असता आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याची चौकशी केली असती. एवढं सगळं हाताच्या अंतरावर होतं. मी सांगितलं नाही. आणि त्या वसतिगृहातून इतक्या मुली डॉक्टर झाल्या, त्याचं काय—असं म्हणू नका. ते मी स्वतःला पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं आहे.

आप्पा थकले तेव्हा सविता त्यांना उदगीरला घेऊन गेली. तिचा तिथे दवाखाना आहे. गेल्या पौषात तिचा फोन आला. "ताई, आप्पा तुमचं नाव काढत न्हाईत. पर तुम्ही या."

माझ्यासमोर एक प्रस्ताव होता, जमा करायची तारीख दोन दिवसांवर आली होती. मी सविताला तसं सांगितलं. तारीख पुढे घेता आली असती—ज्यांच्याकडे द्यायचा होता ते ओळखीचे होते. पण तिथे गेले असते तर आप्पांच्या उशाशी बसावं लागलं असतं आणि काहीतरी बोलावं लागलं असतं. मी प्रस्ताव पूर्ण केला. चांगला झाला. मंजूरही झाला.

मी पोचले तेव्हा त्यांना गावी आणलं होतं. अग्नी सवितानं दिला. कुणी हरकत घेतली नाही, माझ्याकडे कुणी विचारायलाही आलं नाही. शेजारच्या काकूंनी—मीठ आणू का म्हणणाऱ्या त्याच, त्या वाचल्या होत्या—मला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "रड बाई, रड." मला रडता येईना. माझ्या वडिलांसाठी मी आधीच फार रडून घेतलं होतं, हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर.

नवऱ्याला मी कामाचं सांगून गेले होते; घरी आले तेव्हा त्यानं विचारलं, व्हिजिट कशी झाली? मी म्हटलं, झाली. आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. मला सुतक होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. संध्याकाळी बायका हळदी-कुंकवाला आल्या. मी सगळ्यांना कुंकू लावलं, वाण दिलं, मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवला. माझ्याकडून कुठे काही चुकलं नाही.

माझे वडील भूकंपात गेले नाहीत. ते गेल्या पौषात गेले, उदगीरला, सविताचा हात धरून. त्यांची गिरणी होती.